जुनी ओम्नी घेताना खर्च नेमका कुठे येतो

‘मारुती व्हॅन’ म्हणून 1984 मध्ये आलेली ओम्नी 2019 मध्ये बंद झाली असली, तरी तिचे 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन कोणत्याही गावातला मेकॅनिक डोळे झाकून उघडतो. म्हणून जुनी गाडी पाहताना धास्ती इंजिनापेक्षा पत्र्याची बाळगावी. पायाखालचे मॅट उचलून व सरकत्या दाराखालची पट्टी स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावी, कारण किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत वावरलेल्या गाडीचा पत्रा नव्या रंगाखाली पापडासारखा झालेला असू शकतो आणि वेल्डिंग व रंगकामाचा खर्च बघता बघता गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. दार लोंबत असल्यास बहुधा रोलर झिजलेले असतात. ते काम किरकोळ आहे. इंजिन पुढच्या आसनांखाली असल्याने बूड तापणे हा दोष नव्हे (उन्हाळ्यात तसे वाटत नाही, हे खरे), मात्र घाटात तापमानाचा काटा चढत राहिला तर रेडिएटर, थर्मोस्टॅट व वॉटर पंप तपासल्याखेरीज बयाणा देऊ नये, कारण इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक व वरचे हेड यांमधली सांधपट्टी) उडाल्यास खरा भुर्दंड सुट्या भागापेक्षा हेड फेसिंगचा (वाकलेले हेड यंत्रावर घासून सपाट करण्याचा) व मजुरीचा पडतो. एलपीजी किटची नोंद आरसी बुकात नसल्यास गाडी स्वस्तातही घेऊ नये.