भंगारातील ट्रेडमिलची मोटर पवनचक्कीवर: अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठाराकडे जाताना कंपन्यांच्या उंच पवनचक्क्या दिसतात. त्याच वाऱ्याच्या वाटेवर, आमच्या शेतघरामागे, सहा मीटरच्या खांबावर मी गेल्या एप्रिलअखेरीस एक लहान पवनचक्की उभी केली. तिच्यावर बसवलेली मोटर व्यायामाच्या ट्रेडमिलमधून निघालेली, कायम चुंबकाची आणि डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) प्रकारची आहे; तिचा आस पात्यांनी फिरवला की ती उलट वीज तयार करते. अशी मोटर शोधणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मोटर मिळाली पुण्याच्या जुन्या बाजारात, जो बुधवारी आणि रविवारी भरतो. तेथे बहुतेक जण अश्वशक्ती विचारतात. पवनचक्कीसाठी मात्र मोटर किती फेऱ्यांना किती व्होल्ट देते, हे पाहायचे असते. माझ्या मोटरच्या पट्टीवर १८० व्होल्ट आणि मिनिटाला ४,००० फेरे असे कोरलेले होते. म्हणजे एका व्होल्टमागे साधारण २२ फेरे. शेजारीच ठेवलेली, दिसायला अधिक दणकट मोटर १३० व्होल्टला ६,५०० फेऱ्यांची होती. ती घेतली असती, तर १२ व्होल्टची बॅटरी चार्ज व्हायला लागण्यासाठीच पात्यांना साडेसहाशेच्या वर फेरे घ्यावे लागले असते, आणि दीड मीटर व्यासाच्या चक्कीला एवढा वेग आमच्याकडे भर पावसाळ्यातच मिळतो. पट्टी पुसली गेली असेल तर मोटर न घेणे बरे, किंवा निदान लेथवर फिरवून मोजण्याची सवलत मागावी. मी घरी आणल्यावर ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ३०० फेऱ्यांवर मोजले, तेव्हा मीटरवर १२.८ व्होल्ट आले.

चुंबक शाबूत आहेत का, हे बाजारात उभ्या उभ्या कळते. आधी मोटरचा आस हाताने मोकळा फिरवावा, मग दोन्ही तारांची टोके एकमेकींना जोडून पुन्हा फिरवावा. चुंबक चांगले असतील, तर आस मधात बुडाल्यासारखा जड होतो. मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर किंवा विजेवरच्या ड्रिलच्या मोटरवर हा प्रयोग केल्यास बहुधा काहीच फरक पडत नाही, कारण त्यांत कायम चुंबक नसून तारेच्या गुंडाळीत वीज सोडून चुंबकीय क्षेत्र तयार केले जाते. मोटारगाडीचा अल्टरनेटरही याच कारणाने निरुपयोगी: त्याचे क्षेत्र तयार करायलाच बॅटरी खर्च होते. माझी पहिली खरेदी या परीक्षेविना झाली होती आणि ती मोटर आतून चुंबकाचा तुकडा उडालेली निघाली; ते पैसे बुडाले.

सहा इंची पीव्हीसी पाइपची तीन पाती कापून बसवली. वारा सेकंदाला साडेचार-पाच मीटरच्या पुढे गेला की चार्जिंग सुरू होते. जून ते ऑगस्ट या काळात सहा ते आठ अँपिअरचा प्रवाह तासन्‌तास टिकला, आणि वादळात गावची वीज तीन दिवस नव्हती तेव्हा घरातील चारही एलईडी दिवे आणि फोन याच बॅटरीवर चालले. आईने त्या रात्री देवघरातला दिवा मालवू दिला नाही, हे समाधान मला आकड्यांपेक्षा मोठे वाटते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मात्र चक्की बहुतांशी उभीच होती. त्या दिवसांसाठी सौर पॅनेल हवेच.

आता दोष. ट्रेडमिलची मोटर घरात, कोरड्यात चालण्यासाठी घडवलेली असते आणि थंड राहावी म्हणून तिची दोन्ही तोंडे उघडी असतात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी आत जाऊन पुढचे बेअरिंग गंजले. त्यानंतर मी पाइपचे आवरण चढवले, परंतु पूर्ण बंद केल्यास मोटर तापते, कारण जोराच्या वाऱ्यात तयार होणाऱ्या विजेचा तिसरा हिस्सा तिच्या गुंडाळीतच उष्णता होऊन जातो. शेवटी खालच्या बाजूने फट ठेवली. दुसरी गोष्ट फ्लायव्हीलची, म्हणजे मोटरच्या आसावरच्या जड चाकाची. ते उलट्या आट्यांवर बसवलेले होते आणि मी पाती चुकीच्या दिशेने वळणारी कापली होती, त्यामुळे एका झोताबरोबर ते सैल होऊ लागले. सुदैवाने खडखड वेळीच ऐकू आली. पाती कापण्यापूर्वी कोणत्या दिशेने फिरवल्यास आटे आवळतात, हे तपासावे, ही विनंती मी कळकळीने करतो, कारण खाली माणसे वावरत असतात.

डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, बसवल्याशिवाय जोडणी करू नये. नाहीतर वारा पडला की बॅटरीच मोटरला पंख्यासारखी फिरवते. बॅटरी भरल्यावर तारा तोडूनही चालत नाही. भार नसलेली पाती बेफाम होतात, म्हणून जादा वीज मी गाडीच्या हेडलाइटच्या दोन बल्बांत घालवतो. खांबाच्या पायथ्याशी दोन्ही तारा एकत्र जोडणारा खटका ठेवला आहे. तो वारा मंदावल्यावर दाबला, तर चक्की जागीच थांबते.

मोटरच्या फिरत्या भागाला घासून वीज बाहेर आणणारे कार्बन (ब्रश) सुरुवातीला १९ मिलिमीटर लांब होते, आज ११ उरले आहेत. जानेवारीपासून एका मोडक्या हॉवरबोर्डच्या चाकातील मोटर मी बाजूला तपासत आहे. तिला कार्बनच नाहीत, जाड तीन तारा रेक्टिफायर ब्रिजला (एसीची डीसी करणाऱ्या भागाला) जोडल्या की झाले, आणि लेथवर त्याच ३०० फेऱ्यांना ती १९ व्होल्ट देते. चुंबकांच्या ओढीमुळे ती सुरू व्हायला थोडा अधिक वारा मागते, एवढीच तिची खोट आजवर दिसली. मे महिन्यात, पावसाच्या आधी, तीच खांबावर चढवणार आहे.