एमएससीचा निळा शिक्का लहान मच्छीमारांना परवडतो का?

मरीन स्ट्यूअर्डशिप कौन्सिल, अर्थात एमएससी, ही १९९७ मध्ये निसर्ग संवर्धन संस्था डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि युनिलिव्हर यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली, साठा टिकवून केलेल्या मासेमारीला प्रमाणपत्र आणि निळा शिक्का देणारी संस्था. तिच्या प्रमाणपत्राचे हे परीक्षण खाडीत हाताने शिंपल्या काढणाऱ्यांच्या बाजूने केलेले आहे, आणि त्यासाठी केरळातल्या अष्टमुडी सरोवराइतके चांगले उदाहरण भारतात नाही. २०१४ मध्ये तिथल्या शिंपल्यांना हे प्रमाणपत्र मिळाले. भारतातले ते पहिलेच. या शिंपल्यांची जात कोकण-गोव्याच्या खाड्यांतही सापडते आणि आपल्याकडे तिसऱ्यांमध्ये मोजली जाते.

साठ्याची, म्हणजे पाण्यात असलेल्या त्या जातीच्या एकूण प्रमाणाची, स्थिती, परिसंस्थेवरचा परिणाम आणि व्यवस्थापन या तीन तत्त्वांवर गुण दिले जातात. प्रत्येक निर्देशकाला किमान ६० गुण आणि प्रत्येक तत्त्वाची सरासरी ८० असावी लागते. मधल्या गुणांना अट घालून सुधारणेसाठी मुदत मिळते. ही रचना मला न्याय्य वाटते. अष्टमुडीत १९९१ मध्ये दहा हजार टनांपर्यंत गेलेले उत्पादन १९९३ पर्यंत निम्म्यावर आले, आणि त्यानंतर डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननकाळात बंदी, जाळ्याच्या आसावर (छिद्रांच्या आकारावर) मर्यादा आणि यांत्रिक उपशाला मनाई असे नियम आले. म्हणजे शिस्त आधीपासून होती आणि शिक्का पुष्कळ उशिरा आला, हे या प्रमाणपत्र-सेवेची जाहिरात वाचताना लक्षात ठेवलेले बरे.

या सेवेतला लहान मासेमारीच्या सर्वांत उपयोगाचा भाग म्हणजे जोखमीवर आधारित मूल्यांकन. साठ्याची आकडेवारी उपलब्ध नसेल, तर त्या जातीची वाढ, तिचे प्रजनन आणि ती जाळ्यात सापडण्याची शक्यता यांवरून, स्थानिक मच्छीमारांशी बैठका घेऊन गुण ठरवता येतात. माहिती जितकी अपुरी तितका निष्कर्ष सावध निघतो, पण निदान दार बंद होत नाही.

खरी अडचण खर्चाची आहे. एमएससी स्वतः तपासणी करत नाही; ते काम मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्थांचे असते आणि त्यांचे शुल्क मासेमारी करणाऱ्या बाजूने भरावे लागते. एमएससीनेच पूर्वी दिलेला अंदाज १५ हजार ते १ लाख २० हजार डॉलरचा होता. त्यावर दरवर्षीची पाहणी आणि पाच वर्षांनी पुन्हा सगळे मूल्यांकन. अष्टमुडीच्या पाठीशी डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आणि राज्याचा मत्स्य विभाग होता. असा आधार नसलेल्या मच्छीमार सहकारी सोसायटीने एकटीने हा खर्च उचलावा, अशी अपेक्षाच चुकीची आहे. अलीकडे संस्थेने निधी आणि सुधारणेच्या टप्प्यातल्या मासेमारीसाठी योजना सुरू केल्या आहेत, ही स्वागतार्ह बाब. पण अर्ज, अहवाल आणि इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळणारा माणूस त्यासाठीही लागतोच.

आपल्या किनाऱ्यापुरते बोलायचे, तर डोल जाळ्यावर (प्रवाहात एका जागी बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यावर) जगणाऱ्यांना मी ही सेवा आज सुचवणार नाही. मूल्यांकन एक साठा आणि एक साधन धरून होते, आणि डोलीत बोंबील, जवळा, करंदी, मांदेली एकत्रच येतात. एकाच जातीच्या, हाताने काढल्या जाणाऱ्या आणि निर्यातदार आधीच ठरलेल्या शिंपल्यांसाठी मात्र, खर्चाचा निम्म्याहून अधिक वाटा निर्यातदाराने उचलण्याचे लेखी ठरत असेल, तर सोसायटीने पूर्वमूल्यांकन, म्हणजे पूर्ण मूल्यांकनाआधीची प्राथमिक तपासणी, जरूर करून घ्यावे.