केगच्या वरचं रबर उचलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

घरची बिअर भरायचे जुने केग, म्हणजे दाबाखाली गॅस धरणारे स्टीलचे डबे, घ्यायच्या विचारात असाल तर हे आधी वाचा. माझे दोनशे चाळीस डॉलर गेले. पण त्याहून मोठं काहीतरी जाता जाता वाचलं, म्हणून लिहितोय.

न्यू जर्सीत घरी बिअर करायला लागून मला सहा वर्षं झाली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करायला मुभा आहे, विकायला नाही. पाच गॅलनचा घाणा झाला की पन्नासेक बाटल्या धुवा, भरा, बुचं लावा, याचा कंटाळा येतो आणि माणूस केगकडे वळतो. आपण वापरतो ते केग मुळात पेप्सी-कोकच्या सिरपसाठी बनलेले. कंपन्या खोक्यातल्या पिशव्यांकडे वळल्या आणि हे स्टीलचे डबे जुन्या बाजारात आले. तीस-चाळीस वर्षांचा केगसुद्धा उत्तम चालतो, फक्त तो धड असला पाहिजे.

यंदा गटारीला आमच्या मंडळींसाठी मीच बिअर करणार होतो. जाहिरात बघून एका माणसाच्या गॅरेजवर गेलो. चार केग, प्रत्येकी साठ डॉलर, 'सगळ्या रबरी रिंगा नव्या, प्रेशर तपासलेलं'. त्याने एकेका केगची सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून दाखवली. फुस्स! "बघ, महिनाभर गॅस धरून आहेत." मी विश्वास ठेवला. जुना केग घेताना फुस्स आवाज ऐकून घ्या, असं सगळेच सांगतात आणि त्यालाही ते ठाऊक होतं. त्या केगमध्ये गॅस महिन्यापूर्वी भरला की मी पोचायच्या अर्ध्या तासापूर्वी, हे त्या आवाजावरून कळत नाही.

दोन केग भरले, बेसमेंटमधल्या आडव्या फ्रीझरमध्ये ठेवले, बिअरला फेस यावा म्हणून बारा पीएसआय (दाबाचं माप) वर कार्बन डायऑक्साइडचा गॅस लावला. चौथ्या दिवशी चव बघायला फ्रीझरचं झाकण उघडून आत वाकलो आणि नाकात सुई टोचल्यासारखं झालं. श्वासच घेता येईना. झटकन मागे झालो. पाच पौंडांचा अख्खा सिलिंडर रिकामा, सगळा कार्बन डायऑक्साइड फ्रीझरमध्ये साचलेला. हा वायू हवेपेक्षा जड, खाली बसून राहतो. शेजारच्या खोलीत माझी मुलगी मैत्रिणींबरोबर जमिनीवर गाद्या टाकून झोपते. ते आठवून त्या रात्री मला झोप लागली नाही.

विकणाऱ्याला फोन केला. म्हणाला, तुला झाकण बसवता येत नाही, माझ्याकडचा रिंगांचा संच घे, पंधरा डॉलर. तोही घेतला. केगच्या झाकणाची मोठी रिंग, दोन्ही पोस्टच्या (गॅस आत, बिअर बाहेर न्यायची तोंडं) रिंगा, डिप ट्यूबच्या (पोस्टखालून केगमध्ये उतरणाऱ्या नळ्या) बारीक रिंगा, सगळं बदललं, खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं, तीस पीएसआय देऊन झाकण बसवलं. झाकणावर आणि पोस्टवर साबणाचं पाणी मारलं, एक बुडबुडा नाही. एक केग खरंच सुधारला. दुसऱ्याने दुसरा सिलिंडरही खाल्ला.

मग त्यातली बिअर काढली, रिकाम्या केगमध्ये गॅस भरला आणि बाथटबमध्ये बुडवला. मी झाकणाकडे डोळे लावून बसलो होतो. बायको म्हणाली, "अरे, तिथे काय बघतोस? त्या काळ्या रबराखालून येताहेत."

केगच्या माथ्यावर हाताला धरायचं जाड रबर असतं, ते चिकटवलेलं असतं. गॅस सोडून दिला, उकळतं पाणी ओतत चपट्या स्क्रूड्रायव्हरने ते उचकटलं. खाली वेल्डिंगच्या जोडावर बोटभर लांब राखाडी थर होता. नखाने खरवडला तर दगडासारखा. एपॉक्सी, घट्ट होणारा गोंद! आपटून जोडाला गेलेला तडा त्याने लांबी भरावी तसा बुजवला होता आणि वर रबर परत चिकटवून टाकलं होतं. हा दाबाखालचा डबा आहे. तडा गेलेला केग असा बुजवायचा नसतो, तो भंगारातच जायला हवा.

उरलेले दोन केगही उघडले. एकाच्या पोस्टच्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळलेली. केगमध्ये गॅस आटे अडवत नाहीत, रिंग अडवते. तिथे टेप दिसली की कोणीतरी काहीतरी झाकलंय असं समजा.

फोटो पाठवले. त्याने "घेताना बघितले होतेस" एवढंच लिहिलं आणि नंबर ब्लॉक केला. पैसे मित्राला पाठवतात तसे फोनवरून दिले होते, बँकेने हात वर केले.

आता मी जुना केग घ्यायला जाताना स्वतःचा छोटा सिलिंडर, रेग्युलेटर आणि साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन जातो. आधी केग पूर्ण रिकामा करायला लावतो, मग माझ्या गॅसने तीस पीएसआय भरतो आणि रबराच्या कडेने सगळीकडे पाणी मारतो. विकणारा नाही म्हणाला तर परत फिरतो. घरी आणल्यावर गॅसची नळी काढून केग दोन दिवस तसाच ठेवतो आणि मग दाब मोजतो. सिलिंडरच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. आत द्रवरूप गॅस आहे तोवर तो भरलेलाच दाखवतो, नंतर एकदम कोसळतो. वजन करा, रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या मानेवर कोरलेलं असतं. आणि बेसमेंटमध्ये कार्बन डायऑक्साइडचा अलार्म लावा. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा, तो इथे उपयोगाचा नाही.

तडा गेलेल्या केगला मी ड्रिलने आरपार तीन भोकं पाडली आणि मगच भंगारात दिला.