माउझरवर बेतलेल्या पिस्तुलाचं रेझिन किट: सांगलीचा उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

किट सतरा तुकड्यांचं, सगळे रेझिनचे (साच्यात ओतून घट्ट केलेलं प्लास्टिक). जोडून, रंगवून शोभेला ठेवायचं, 1977 च्या ‘स्टार वॉर्स’ सिनेमातल्या हान सोलो या पात्राचं पिस्तूल. सिनेमात वापरलेला मूळ प्रॉप खऱ्या जर्मन माउझर सी96 पिस्तुलावर दुर्बीण आणि नळीच्या तोंडाला फ्लॅश हायडर (गोळी सुटतानाची ठिणगी झाकणारा भाग) चढवून केलेला, त्यामुळे खेळण्यासारखा रंग इथे चालत नाही. पोलाद पोलादच दिसायला हवं. तुकड्यांवरचं बारीक काम झकास आहे. सोबतचा माहितीचा कागद मात्र थंड, कोरड्या हवेतल्या माणसासाठी लिहिलाय.

आधी धुलाई. तुकडा साच्यातून सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि जुना टूथब्रश वापरून काढायचा, मग रात्रभर वाळवायचं. इथे कंटाळा केला तर प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) जागोजागी गोल डोळ्यांसारखा फाटतो आणि वरून कितीही रंग मारला तरी बुजत नाही.

नळी वाकडी येते. साधारण सत्तर अंशांच्या पाण्यात दोनेक मिनिटं ठेवली की मऊ पडते. काचेवर लोळवून सरळ करायची आणि लगेच गार पाण्यात टाकायची. कागद इथेच थांबतो. पण उष्णता मिळाली की रेझिन पुन्हा जुन्या वळणावर जातं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. आडव्या स्टँडवरची नळी हळूहळू मान टाकते. म्हणून नळीत 4 मिमीची लोखंडी सळी हवीच. आधी 2 मिमीचं भोक दोन्ही टोकांकडून पाडायचं, मग 4.2 मिमीने मोठं करायचं. ड्रिल सावकाश चालवा, नाहीतर रेझिन वितळून बिटला चिकटतं. सळी अराल्डाइटने बसवा. अशी नळी सबंध उन्हाळ्यात केसभरही हलली नाही.

दुर्बिणीच्या दोन्ही पायांत सायकलच्या स्पोकचे दीड सेंटीमीटरचे तुकडे घाला. स्पोक 2 मिमीचा असतो, मापाला बरोबर बसतो. नुसत्या सुपरग्लूचा सांधा ओढ सोसतो, धक्का सोसत नाही. झटपट वाळणारा इपॉक्सीही टाळा, कारण दुर्बीण नळीला समांतर आणायला वेळ लागतो.

बारीक छिद्रांना गॅरेजवाले गाडीच्या पत्र्यावर वापरतात ती एनसी पुटी (थिनर उडून वाळणारी लुकण), पातळ थरांनी. एकदम जाड भरली तर आतलं थिनर उडत राहतं आणि रंगकाम उरकल्यावर खळगा दिसतो. मोठ्या फटीला एम-सील. पॉलिश पेपर 220, मग 400, शेवटी 800 पाण्यात बुडवून. रेझिनची धूळ छातीत जाऊ देऊ नका, चांगला मास्क लावा.

रंगाला मुहूर्त लागतो, तो हवेचा. जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर (थिनर उडून झटपट वाळणारा रंग) स्प्रे नकोच, कृष्णा पात्राबाहेर असताना तर अजिबात नको. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि काळा रंग दुधाळ होतो. कोरड्या सकाळी 20-25 सेंटीमीटरवरून करड्या प्रायमरचे तीन हलके हात, मग सॅटिन (मंद चकाकीचा) काळा. एनॅमलवर (सावकाश वाळणाऱ्या तेली रंगावर) लॅकर मारू नका, खालचा थर सुरकुततो.

काळा पुरता वाळल्यावर 6बी पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने कडांवर आणि चापाभोवती चोळायची. चांदीच्या रंगाने कधी येत नाही ती पोलादी झाक येते. त्यावर मॅट क्लिअर (बिनचकाकीचा पारदर्शक थर) मारला की झाक मेली. न मारता ठेवल्यास हाताळून पूड उतरते, पण पुन्हा चोळायला पाच मिनिटं पुरतात. मला दुसरी वाट बरी वाटते.

मुठीचे रेझिनचे तुकडे सरळ बाजूला ठेवले तरी चालतील. कितीही तपकिरी छटा दिल्या तरी महिन्या-दोन महिन्यांत अंगठ्याखालचा रंग झिजतो. शिसवीच्या दोन पट्ट्या त्याच मापात कापून, आडव्या खाचा पाडून वर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचं (लाखेचं) पॉलिश द्या. तंतुवाद्यांमुळे मिरजेत हे पॉलिश जाणणारे हात आहेत, विचारून घ्या. स्क्रूआधी बारीक भोक पाडलं नाही तर मुठीजवळचं रेझिन तडकतं, हा किटचा सर्वांत कच्चा भाग.

नाटकातल्या आदळआपटीसाठी हे घेऊ नका, तिथे फोमचं पिस्तूल बरं. कपाटात ठेवायला पैसे वसूल आहेत. बाहेर न्यायचं तर बंद पेटीतून. एसटी स्टँडवर हे उघडं दिसलं तर खरं की खोटं, हे कोणी विचारत बसणार नाही.