चोडणला पक्षी बघायचे: होडीतून की पायवाटेने?

गोव्यात रायबंदरहून फेरीने मांडवी नदी ओलांडली की चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य. जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर, जवळजवळ सगळी खारफुटीच.

भरती असो की ओहोटी, पायवाट गाठता येते. पण दोन्ही बाजूंना झाडी इतकी दाट की पक्षी ऐकू जास्त येतात, दिसतात कमी. मोकळा चिखल दिसेल तिथे थांबा. ओहोटी लागली की तुतवार, टिलवे, चिखल्या हे पाणथळीतले पक्षी उघड्या चिखलावर उतरतात. टिलव्यांत गल्लत होतेच, म्हणून उडेपर्यंत धीर धरा: पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी दिसली तर लाल पायांचा, पंख काळपट पण पाठीवर पांढरी पाचर दिसली तर हिरव्या पायांचा. उभ्याने तिकाटण्यावरची दुर्बीण लावता येते, हा पायवाटेचा मोठा फायदा.

होडीत ती निरुपयोगी. तिथे हातात धरायची 8x42 दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगांची) घ्या. दहापट मोठं दाखवणाऱ्या 10x मध्ये हलणारं चित्र स्थिर राहत नाही. खाडीच्या आत शिरायला पाणी चढतं हवं. भरती संपता संपता निघालात तर परतताना होडी गाळात रुतते. इंजिन बंद करून वल्ह्यांवर चला, म्हणजे मुळांवर बसलेला पांढऱ्या गळपट्ट्याचा खंड्या जवळून बघू देतो.

एकच सकाळ हाती असेल तर होडीच घ्या, मात्र भरतीची वेळ आदल्या दिवशी बघून. चिखलावरच्या पाहुण्यांसाठी आलात तर ओहोटी आणि पायवाट.