सरासरी ७७ टक्के, तरीही साठा भरलेला : सेफ आणि क्रशचा वापरानंतरचा अनुभव

संपूर्ण साठा सरासरी ७७ टक्के भरलेला असताना आमच्या सेफ क्लस्टरने, म्हणजे सेफ या सॉफ्टवेअरने अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून केलेल्या सामायिक साठ्याने, माहितीचे लेखन थांबवले. बत्तीस डिस्कपैकी एक डिस्क ९५ टक्क्यांवर पोहोचली होती, आणि तेवढे कारण पुरेसे होते. त्याच वेळी दुसरी एक डिस्क ६० टक्क्यांच्या आसपास निवांत होती. या एका विसंगतीचा मी तेव्हापासून पाठपुरावा करत आहे. सेफची इतर वैशिष्ट्ये वाचकांना ठाऊक असतील असे धरून मी येथे प्रामुख्याने तिच्याविषयीच लिहिणार आहे, कारण लहान क्लस्टर चालवणाऱ्या माणसाच्या खिशाला जी गोष्ट लागते ती हीच आहे.

आमची रचना साधी आहे : चार सर्व्हर, प्रत्येकात ८ टेराबाइटच्या आठ फिरत्या डिस्क, प्रत्येक माहितीच्या तीन प्रती आणि प्रत्येक प्रत वेगळ्या सर्व्हरवर. एकूण २५६ टेराबाइट विकत घ्यायचे आणि तीन प्रतींमुळे सुमारे ८५ टेराबाइट वापरायचे, हा सौदा आम्ही समजून-उमजून केला होता, आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु त्या ८५ मधलेही जवळपास १५ टेराबाइट केवळ असमान वाटपामुळे हाती लागत नाहीत, हे कळल्यावर मात्र मला मनापासून वाईट वाटले. ते पैसे संस्थेचे होते, आणि स्कॅन केलेले जुने दस्तऐवज साठवण्यासाठी आम्ही ते मोठ्या कष्टाने मंजूर करून घेतले होते.

असे का होते हे समजण्यासाठी सेफमध्ये माहितीची जागा ठरवणारा क्रश काय करतो ते पाहावे लागते. सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सेज वाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत विकसित केली आणि २००६ साली ती शोधनिबंधाच्या रूपाने मांडली. कोणती वस्तू, म्हणजे माहितीचा कोणता तुकडा, कोठे ठेवली आहे याची यादी कोठेही ठेवायची नाही, हा तिचा गाभा आहे. वस्तूच्या नावाचा हॅश (गणिताने काढलेला, यादृच्छिक भासणारा आकडा) काढून तिचा प्लेसमेंट ग्रुप (पीजी), म्हणजे एकत्र ठेवल्या जाणाऱ्या वस्तूंचा गट, ठरतो. आणि पीजीचा क्रमांक, क्लस्टरचा नकाशा व नियम एवढ्या तीन गोष्टींवरून त्या पीजीच्या डिस्क गणिताने निघतात. आमच्याकडे असलेल्या स्ट्रॉ-२ पद्धतीत प्रत्येक पर्यायाच्या नावे एक काडी ओढली जाते. पीजीचा क्रमांक, त्या पर्यायाचा क्रमांक आणि कितवी प्रत हवी आहे हे मिळून एक हॅश तयार होतो, त्यापासून मिळालेल्या संख्येचा लॉगॅरिदम घेऊन त्याला क्षमतेवरून ठरलेल्या वजनाने भागले जाते, आणि ज्याची काडी सर्वांत लांब निघते त्याची निवड होते. प्रथम सर्व्हर निवडला जातो आणि मग त्यातली डिस्क. नकाशा हाती असलेला कोणताही क्लायंट, म्हणजे साठा वापरणारे यंत्र, हे गणित स्वतः करू शकतो. त्याला कोणाला विचारावे लागत नाही, आणि म्हणून विचारणा करणाऱ्यांची रांगही कोठे लागत नाही.

आता या सुंदर रचनेची किंमत पाहू. आमच्या मुख्य पूलमध्ये, म्हणजे साठ्याच्या मुख्य विभागात, १०२४ पीजी आहेत. तीन प्रती धरून ३०७२, म्हणजे एका डिस्कच्या वाट्याला सरासरी ९६. वाटप यादृच्छिकासारखे असल्यामुळे प्रत्येक डिस्कला नेमके ९६ मिळत नाहीत. प्रमाण विचलन (सरासरीपासूनचा सर्वसाधारण फरक) साधारणपणे ९६ च्या वर्गमुळाएवढे, म्हणजे सुमारे दहा, असते. बत्तीस डिस्कमध्ये एखादी तरी डिस्क दोन-अडीच विचलने वर जाणार, यात आश्चर्य काहीच नाही. आमच्या सर्वांत दुर्दैवी डिस्ककडे ११८ पीजी आले होते आणि सर्वांत सुदैवी डिस्ककडे ७६. ११८ ला ९६ ने भागा आणि ७७ ने गुणा, की ९५ टक्के समोर येतात. म्हणजे कोणताही बिघाड झालेला नव्हता. हॅशने आपले काम चोख केले होते.

पीजींची संख्या वाढवली की हे विचलन कमी होते, हा सल्ला सर्वत्र मिळतो आणि तो तत्त्वतः बरोबरही आहे. मात्र दहा टक्क्यांचे पाच टक्के करायचे तर पीजी चौपट करावे लागतात. तसे केले तर आमच्या एका डिस्कवर ३८४ पीजी आले असते, आणि आमच्या आवृत्तीत एका डिस्कसाठी ठरवलेली मर्यादा २५० आहे. ती मर्यादा मेमरी आणि प्रोसेसर यांचा विचार करून घातलेली असल्याने ती ओलांडण्यास मी तयार नव्हतो.

एका डिस्कसाठी सगळे लेखन थांबवणे मला सुरुवातीला अतिरेकी वाटले. नंतर विचार केल्यावर त्यातली अपरिहार्यता पटली. पत्ता गणिताने ठरत असल्यामुळे ‘ही डिस्क भरली, शेजारच्या डिस्कवर ठेवा’ असे म्हणण्याची सोय मुळातच नाही. तसे केले तर पुढच्या वेळी वाचणाऱ्या क्लायंटला ती वस्तू सापडणारच नाही. शिवाय मोठी फाइल ४ मेगाबाइटच्या तुकड्यांत विभागून सगळ्या डिस्कवर पसरवली जात असल्यामुळे कोणतेही मोठे लेखन आज ना उद्या त्या भरलेल्या डिस्कपाशी येऊन अडकतेच. सेफ आगाऊ सूचना देतो हेही खरे आहे : ८५ टक्क्यांवर पहिला इशारा मिळतो, ९० टक्क्यांवर त्या डिस्कवर पुनर्भरण (हलवलेल्या किंवा नव्याने बनवलेल्या प्रती भरणे) बंद होते आणि ९५ टक्क्यांवर लेखन थांबते. आमचा क्लस्टर उभारून देणाऱ्या पुरवठादाराने इशाऱ्याची घंटा मात्र क्लस्टरच्या सरासरीवर बांधून दिली होती. उपलब्ध जागेचा जो आकडा सेफ स्वतः दाखवतो, तो सर्वांत आधी भरणाऱ्या डिस्कवरून काढलेला असतो आणि म्हणून विश्वासार्ह असतो. घंटा त्याच्याशी जोडली असती तर पुढचा मनस्ताप टळला असता.

पुरवठादाराचा पहिला उपाय ‘रीवेट’चा होता. लेखन थांबण्याची मर्यादा थोडी वर नेऊन लेखन सुरू करण्यात आले आणि भरलेल्या डिस्कचे रीवेट गुणोत्तर १ वरून खाली आणण्यात आले. याने त्या डिस्कच्या वाट्याचे काही पीजी नाकारले जातात, परंतु ते कोठे जातील हे पुन्हा हॅशच ठरवतो. परिणामी एक डिस्क ८८ टक्क्यांवर उतरली आणि दुसरी ९१ वर चढली. तिचे गुणोत्तर कमी केल्यावर तिसरी पुढे आली. प्रत्येक वेळी डिस्क तासन्‌तास माहिती हलवत राहत, दस्तऐवज शोधणारे कर्मचारी खोळंबत, आणि विषमता तेवढीच राही. त्या दिवसांत यादृच्छिक वाटप ही कल्पनाच लहान संस्थांसाठी चुकीची आहे असे माझे ठाम मत झाले होते.

ते मत एका डिस्कच्या मृत्यूने बदलले. एका संध्याकाळी एक डिस्क बंद पडली. ठरलेली ६०० सेकंदांची वाट पाहून सेफने तिला बाहेर काढले आणि तिच्यावरील सगळ्या पीजींच्या नव्या प्रती बनवण्यास सुरुवात केली. त्या पीजींच्या उरलेल्या प्रती इतर तीन सर्व्हरच्या सगळ्या डिस्कवर विखुरलेल्या होत्या, त्यामुळे वाचणाऱ्या डिस्कही अनेक होत्या आणि लिहिणाऱ्याही अनेक. सकाळी कार्यालय उघडले तेव्हा प्रत्येक माहितीच्या तीन प्रती पूर्ण झालेल्या होत्या. आमच्या जुन्या रेडच्या (मोजक्या डिस्क एकत्र बांधणाऱ्या पद्धतीच्या) पेटीत एवढ्याच क्षमतेची डिस्क बदलल्यावर सगळे लेखन एकाच नव्या डिस्कवर होत असे, आणि तेवढा काळ आम्ही जीव मुठीत धरून बसत असू. ज्या विखुरलेपणावर मी रागावलो होतो, त्यानेच हे काम रातोरात केले होते, आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

त्या डिस्कच्या बदलीवरून वेगळाच वाद झाला. वॉरंटीत असूनही पुरवठादाराने कित्येक आठवडे लावले आणि शेवटी ८ टेराबाइटऐवजी १० टेराबाइटची डिस्क पाठवली. वरवर पाहता ही कृपा वाटते. परंतु क्रशमध्ये डिस्कचे वजन तिच्या क्षमतेवरून ठरते : जुन्या डिस्कचे ७.२८, नव्या डिस्कचे ९.०९. म्हणजे नव्या डिस्कवर सव्वापट माहिती येणार आणि सव्वापट मागण्याही येणार; तिचा फिरण्याचा वेग मात्र तेवढाच. एका डिस्कसाठी संपूर्ण क्लस्टर मंदावू नये म्हणून मी तिचे वजन हाताने ७.२८ केले आणि जवळपास दोन टेराबाइट रिकामे सोडले. स्ट्रॉ-२ मध्ये एका डिस्कचे वजन बदलले तर माहिती फक्त तिच्याकडे येते किंवा तिच्याकडून जाते, इतरांची आपापसांत देवाणघेवाण होत नाही. २०१५ च्या हॅमर आवृत्तीपूर्वीच्या मूळ स्ट्रॉ पद्धतीत अशा देवाणघेवाणीचा दोष होता. स्ट्रॉ-२ मध्ये ती होत नाही हे प्रत्यक्ष पाहणे समाधानाचे होते.

असमान वाटपाचे खरे उत्तर ‘अपमॅप’, म्हणजे निवडक पीजींची जागा क्रशऐवजी नोंदीने ठरवणारी अपवादांची यादी, हे आहे. २०१७ च्या ल्युमिनस आवृत्तीपासून ते उपलब्ध आहे, आणि पॅसिफिक आवृत्तीपासून त्यावर चालणारा, वाटप समान करणारा बॅलन्सर आपोआप चालू असतो. आमच्याकडेही तो चालू होता, परंतु काहीच करत नव्हता. आमचा क्लस्टर जुन्या आवृत्तीपासून टप्प्याटप्प्याने वर आणलेला असल्यामुळे त्यात जेवेल या ल्युमिनसपूर्वीच्या आवृत्तीच्या काळातील क्लायंटना परवानगी देणारी नोंद तशीच राहिली होती, आणि जुन्या कर्नलवर चालणारे एक स्कॅनिंग यंत्र खरोखरच त्या परवानगीवर जोडलेले होते. अपवादांची यादी न समजणारा क्लायंट चुकीच्या डिस्ककडे जाईल, म्हणून सेफ अशा स्थितीत अपमॅप नाकारतो, आणि ते योग्यच आहे. ते यंत्र अद्ययावत केले, नोंद ल्युमिनसवर आणली, आणि बॅलन्सरला पाचऐवजी एकच पीजीचा फरक चालेल असे सांगितले.

त्यानंतर जे झाले ते मी अनेकांना दाखवले आहे. हजारेक पीजींपैकी सव्वाशे-दीडशेंसाठी ‘क्रश काहीही म्हणो, ही प्रत अमुक डिस्कऐवजी तमुक डिस्कवर’ अशा नोंदी तयार झाल्या, जेमतेम चार-पाच टक्के माहिती हलली, आणि सगळ्या डिस्क ९५ ते ९७ पीजींच्या आत आल्या. अडकलेले १५ टेराबाइट एकही पैसा खर्च न करता परत मिळाले. येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. यादी ठेवायची नाही या तत्त्वाला येथे मुरड घातली आहे, परंतु यादी फक्त अपवादांची आहे आणि ती नकाशाबरोबर प्रत्येक क्लायंटकडे पोहोचते, त्यामुळे विचारणा करण्याची गरज अजूनही पडत नाही. माझ्या मते लहान क्लस्टरसाठी क्रशपेक्षाही ही छोटी यादी अधिक मोलाची आहे.

तरीही खरेदीचा हिशेब अपमॅपवर विसंबून करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. डिस्क किंवा सर्व्हर बाहेर गेला की त्याच्याशी संबंधित नोंदी गळून पडतात, आणि प्रती अपुऱ्या असेपर्यंत बॅलन्सर हात लावत नाही. म्हणजे जागेची चणचण सर्वांत जास्त असते तेव्हाच वाटप पुन्हा हॅशच्या मर्जीवर जाते. चारपैकी एक सर्व्हर गेला तर उरलेल्या प्रत्येक डिस्कवरील माहिती ४/३ पट होते. पुनर्भरण ९० टक्क्यांवर थांबते, म्हणून अगदी समान वाटप धरले तरी आज साठा ६७.५ टक्क्यांच्या वर असू नये. त्यात १५ ते २० टक्क्यांचे असमानपण धरले तर हा आकडा ५६ ते ५९ वर येतो. आम्ही ७७ वर आहोत, म्हणजे आज एखादा सर्व्हर गेला तर तीन प्रती पूर्ण होणार नाहीत.

पाच सर्व्हर असतील तर हीच मर्यादा ६० ते ६३ टक्के होते, आणि आमची आजची माहिती पाच सर्व्हरवर पसरली तर सरासरी ६१.६ येते. यावरून पाचव्या सर्व्हरची मागणी मंजूर झाली आहे. क्रशटूल या साधनाने नवा नकाशा आधीच तपासून पाहिला : त्याच नकाशावर तेच उत्तर कोणत्याही संगणकावर मिळत असल्यामुळे, सर्व्हर येण्यापूर्वीच त्याच्या कोणत्या डिस्कवर किती पीजी येतील ते मी कार्यालयातल्या साध्या लॅपटॉपवर पाहू शकलो. या वेळी मागणीपत्रात डिस्कची क्षमता ८ टेराबाइट अशी अक्षरी आणि अंकी दोन्ही प्रकारे लिहिली आहे, आणि इशाऱ्याची घंटा सर्वांत भरलेल्या डिस्कवर बांधून दिल्याशिवाय शेवटचा हप्ता दिला जाणार नाही, ही अटही त्यात घातली आहे.