लॅब्राडूडल: न गळणाऱ्या केसांचा हिशेब

लॅब्राडॉर आणि पूडल यांच्या संकरातून आलेले हे कुत्रे किती मोठे होते, किती लवकर शिकते आणि छायाचित्रात किती गोंडस दिसते, हे वाचकांना ठाऊक असणारच. म्हणून ते सारे सोडून मी थेट केसांकडे वळतो. बंगळूरहून आणलेला आमचा बंड्या आता पूर्ण वाढला आहे, आणि त्याच्या खाण्यावर, लसीकरणावर किंवा त्याने फाडलेल्या चपलांवर झाला नसेल एवढा खर्च आणि वाद त्याच्या केसांवर झाला आहे.

ताजा वाद गेल्या पावसाळ्याच्या शेवटी शहरातल्या एका पार्लरमध्ये झाला. फोनवर आंघोळ, कटिंग, नखे आणि कान यांचा मिळून एक दर सांगितला गेला होता. परंतु संध्याकाळी न्यायला गेलो तेव्हा समोर जवळजवळ तुळतुळीत केलेला, मूळ आकाराच्या निम्मा दिसणारा प्राणी उभा होता आणि पावतीवर गाठी काढण्याचे वेगळे शुल्क जोडलेले होते. गाठी सोडवल्याच नाहीत, सरळ मशीन फिरवले, मग त्या काढण्याचे पैसे कशाचे, या माझ्या प्रश्नाला मराठीत, कन्नडमध्ये आणि शेवटी हिंदीत एकच उत्तर मिळाले: गाठींमुळे मशीनचे ब्लेड खराब होऊन जाते. पैसे दिल्याशिवाय कुत्रा हाती येणार नव्हता, म्हणून ते दिले.

विकणारे सांगतात की या कुत्र्याचे केस गळत नाहीत. आमच्यापुरते ते खरे आहे. सोफ्यावर, डब्यात किंवा इस्त्रीच्या कपड्यांवर केस सापडत नाहीत आणि पहिले काही महिने मी या गुणाचे कौतुक भेटेल त्याला ऐकवत होतो. मात्र केस गळत नाही म्हणजे तो तुटत नाही असे नव्हे. सुटलेला केस जमिनीवर पडण्याऐवजी शेजारच्या कुरळ्या केसांत अडकतो, त्यावर ओल आणि घर्षण बसले की त्याचा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला गोळा होतो, आणि लॅब्राडॉरच्या मालकाने जे झाडूने गोळा करायचे ते आपल्याला कंगव्याने कुत्र्याच्या अंगावरून काढावे लागते. पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येण्याचा काळ, म्हणजे साधारण आठ ते बारा महिन्यांचे वय, सर्वांत वाईट असतो. आमच्याकडे तो नेमका बेळगावच्या पावसात आला. वॅक्सिन डेपो मैदानाच्या ओल्या गवतातून फिरून आल्यावर काखेत, कानांमागे आणि पट्ट्याखाली रोज नवी गाठ तयार असे. शेजारच्या मावशींनी तर यल्लम्मा देवीची जट आली आहे, कात्री लावू नका, अशी थट्टाही करून घेतली.

याबाबत एक तपशील कोणीही आधी सांगत नाही. गाठी असताना आंघोळ घातली तर त्या अधिक आवळतात. म्हणून आधी विंचरणे, मग पाणी, मग ब्लोअरने मुळापर्यंत सुकवणे, असाच क्रम ठेवावा लागतो. वरवर ब्रश फिरवून कुत्रा फुलारलेला दिसतो आणि कातडीलगत गाठ तशीच राहते, त्यामुळे केसांचे थर उचलून तारांच्या ब्रशनंतर स्टीलचा कंगवा मुळापासून पार जातो की नाही ते पाहावे लागते. कानांच्या पोकळीतही केस वाढतात. वर लोंबते कान आणि चार महिने दमट हवा, त्यामुळे बुरशीचा संसर्ग झाला आणि औषधाच्या थेंबांचा खर्च वेगळा पडला.

हे कुत्रे घेण्यामागचे आमचे मुख्य कारण आईच्या शिंका हे होते. ॲलर्जी केसांमुळे नव्हे तर कुत्र्याच्या लाळेतील आणि कोंड्यातील प्रथिनांमुळे होते, हे नंतर वाचनात आले. नेदरलँड्समधील संशोधकांनी 2012 साली यांपैकी एक मुख्य प्रथिन मोजले, तेव्हा ॲलर्जी न करणाऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या केसांत ते कमी नव्हे तर जास्त आढळले. लॅब्राडूडलच्या घरी फरशीवर ते थोडे कमी होते, हवेत मात्र फरक नव्हता. आमचा अनुभव तंतोतंत असाच आहे: फरशी स्वच्छ, शिंका पूर्ववत. ऑस्ट्रेलियातील अंधांच्या मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेत काम करणाऱ्या वॉली कॉनरन यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस एका अंध महिलेसाठी, तिच्या पतीला ॲलर्जी होती म्हणून, हा संकर केला, तेव्हाही पहिल्या तीन पिल्लांपैकी एकच त्या पतीला सोसले होते. याच कॉनरन यांनी पुढे या संकराबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

इथपर्यंतचा मजकूर पार्लरच्या रागात लिहिला होता आणि घेऊ नका असा निकाल देऊन तो संपणार होता. पण भादरलेल्या बंड्याला डॉक्टरांकडे नेल्यावर त्यांनी कातडीवर लालसर चट्टे आणि काखेत दडलेले गोचीड दाखवले, आणि एवढ्या गाठी ओढून सोडवणे ही कुत्र्यासाठी शिक्षाच ठरली असती, असे सांगितले. तेव्हा केस काढण्याचा निर्णय योग्य होता. आधी न विचारता शुल्क लावणे अयोग्य होते, आणि त्या मतावर मी ठाम आहे. केस आखूड ठेवल्यापासून तोच कुत्रा सांभाळायला सोपा झाला आहे. स्वभाव तर आधीपासूनच उत्तम: पाहुण्यांवर भुंकत नाही, फटाक्यांना घाबरत नाही, आणि खानापूरच्या शेतावर नेले तर ओढ्यातून बाहेर यायला तयार होत नाही.

संकर आहे म्हणून निरोगी, या जाहिरातीवर मात्र विसंबू नये. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या 2024 सालच्या अभ्यासात लॅब्राडूडल, पूडलचेच आणखी दोन संकर कॉकापू व कॅव्हापू, आणि त्यांच्या मूळ जाती यांच्या आजारांत बहुतेक बाबतींत फरक आढळला नाही. खुब्याच्या सांध्याचा दोष आणि दृष्टी घालवणारा एक आनुवंशिक आजार दोन्ही मूळ जातींत आहेत, त्यामुळे आई-बापांचे एक्स-रे आणि जनुकीय अहवाल मागावेत. केनेल क्लब ऑफ इंडियाची वंशावळीची नोंद संकराला मिळत नाही. विकणारा देतो ते चकचकीत प्रमाणपत्र पावतीइतक्याच किमतीचे समजावे.

एवढे पैसे घालण्यापेक्षा शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ जातीचा शिकारी कुत्रा का नाही घेतला, असे नातेवाईक विचारतात. ओल्या फडक्याने पुसला की त्याचे काम झाले, हे मान्य; परंतु धावण्यासाठीच घडलेल्या त्या कुत्र्याला फ्लॅटमध्ये कोंडणे मला पटत नाही.

आता कुत्र्यांसाठीचे क्लिपर मशीन घेतले आहे. पार्लरच्या तशा दोन बिलांत त्याची किंमत वसूल होते. माणसांच्या दाढीचा ट्रिमर वापरून पाहू नये, तो या केसांत अडकून बंद पडतो. केस सुमारे सहा मिलिमीटर ठेवणारे ब्लेड पुरेसे आहे, मात्र ते लवकर तापते, म्हणून मधूनमधून थांबून हाताच्या पाठीला लावून पाहावे. या ब्लेडला नीट धार लावून देणारा बेळगावात अजून मला मिळालेला नाही. कोणास ठाऊक असल्यास दरासह कळवावे.